ताप घरात, जबाबदारी कुणाची?

जूनमध्ये शाळेची घंटा वाजते, पाऊस सुरू होतो आणि पाठोपाठ घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. आपल्या राज्यात फ्लूचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्यातला, जुलै ते सप्टेंबर. दुसरा थंडी सरताना, जानेवारी ते मार्च. पावसाळ्यातला हंगाम नेमका शाळा भरात असतानाच येतो. मग शाळेच्या फाटकावर, दवाखान्याच्या भिंतीवर, बसस्टॉपवर फलक लागतात : 'हात धुवा', 'गर्दी टाळा', 'आजारी मुलांना घरी ठेवा', 'पौष्टिक आहार घ्या', 'काळजी घ्या'.

ही वाक्यं एकदा नीट वाचून बघा. त्यांना कर्ता नाही. कोणी हात धुवायचे, पाणी कोणी भरायचं, आजारी मुलाजवळ घरी कोणी थांबायचं, पौष्टिक आहार कोणी रांधायचा आणि त्यातलं उरलंसुरलं कोणी खायचं, हे फलकावर लिहिलेलं नसतं. ते लिहायची गरजच कुणाला वाटत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक असतं की कर्ता बाई आहे. साथ आली की सरकारचं आरोग्य खातं जे काम सांगतं, त्यातला मोठा भाग घरातल्या बाईच्या बिनपगारी कष्टांवर उभा असतो. म्हणूनच फ्लूची साथ हा विषय डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. तो आपल्या चळवळीचाही विषय आहे, असं मला ठामपणे वाटतं. या अंकाचं संपादकीय म्हणूनच त्यावर लिहिते आहे.

आधी आजार समजून घेऊ. फ्लू हा विषाणूमुळे होतो. आजारी माणूस खोकताना, शिंकताना, बोलतानासुद्धा जे बारीक थेंब उडतात त्यांतून तो पसरतो. बंद, कोंदट खोलीत हे कण हवेत रेंगाळतात. दाराची कडी, नळ, बाक अशा जागी विषाणू काही तास, कधी एक-दोन दिवसही टिकतो आणि तिथून हाताला, हातावरून नाका-डोळ्यांना लागतो. लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. लहान मुलं त्याहून जास्त दिवस देऊ शकतात. म्हणजे वर्गात एक मूल तापाने फणफणलेलं दिसतं, तोवर शेजारच्या दोन बाकांवर विषाणू पोचलेला असतो. एरवीचा फ्लू दरवर्षी थोडाथोडा बदलून येतो, आपल्या शरीराला त्याची थोडी ओळख असते. पण अधूनमधून एखादा असा नवा विषाणू येतो, की जगात बहुतेकांच्या शरीराला त्याची ओळखच नसते. मग तो देशोदेशी पसरतो. तीच जागतिक साथ.

अशी एक साथ आपण आपल्या दारात पाहिली आहे. २००९च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा एच१एन१ विषाणू सापडला. लोकांनी त्याला 'स्वाइन फ्लू' म्हटलं. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. त्याच जून-जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलांना लागण झाली. मुलं एकाच छपराखाली झोपतात, जेवतात, खेळतात तिथे विषाणूला वेगळी वाट शोधावी लागत नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू.

त्यानंतरचे दिवस पुणेकर मैत्रिणींना आठवत असतील. शाळा बंद झाल्या. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या. त्या रांगेत खरोखर आजारी माणसं होती आणि नुसती घाबरलेली निरोगी माणसंही, खांद्याला खांदा लावून उभी. मास्कचा काळा बाजार झाला. मुंबईत शाळा-कॉलेजं आठवडाभर आणि चित्रपटगृहं तीन दिवस बंद ठेवली गेली. सौम्य लक्षणं असलेल्यांनी तपासणीच्या मागे न लागता घरीच थांबावं, यासाठी सरकारने रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी केली. ती बरोबरच होती. पण जी माहिती वस्तीत जूनमध्ये पोचायला हवी होती, ती ऑगस्टमध्ये भीतीच्या पाठीवर बसून आली. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं, विषाणू मात्र गेला नाही. तो एरवीच्या फ्लूमध्ये मिसळून राहिला. २०१५ साली त्याने देशभरात ४० हजारांवर लोकांना गाठलं आणि सुमारे तीन हजार जीव घेतले. तेव्हा चित्रपटगृहं बंद झाली नाहीत. भीतीची सवय झाली की मृत्यूची बातमी आतल्या पानावर जाते.

त्याआधीची, १९१८ची साथ तर आपल्या कुणाच्याच आठवणीत नाही. पणजीच्या पिढीची ती गोष्ट. १९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई आजारी पडले, तिथून ती शहरात शिरली आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं मेली. देशात किती गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असं दुसऱ्या कुठल्याही दशकात झालेलं नाही.

या आकड्यांच्या पोटात दोन गोष्टी आहेत. पहिली जातीची. मुंबईत त्या साथीत दर हजारी मृत्यूचं प्रमाण युरोपियनांमध्ये ८.३ होतं. त्या काळच्या सरकारी नोंदीत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं आहे, त्यांच्यात ते ६१.६ होतं. विषाणू जात विचारत नाही हे खरं. पण खोलीत माणसं किती, नळ किती लांब, पोटात अन्न किती, हे ज्या समाजात जात ठरवते तिथे मरण कुणाला येणार हेही जातच ठरवते. दुसरी गोष्ट बायांची. जगाच्या बहुतेक भागांत त्या साथीत पुरुष जास्त मेले. हिंदुस्थानात मात्र बायका जास्त मेल्या, त्यातही वीस ते चाळीस वयाच्या. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं. शेवटी जेवणारी बाई आधीच अशक्त होती. घरातल्या सगळ्या आजाऱ्यांची सेवा तीच करत होती आणि ती पडल्यावर तिला पाणी द्यायला कुणी उठत नव्हतं. शिवाय ती अनेकदा गरोदर असे. गरोदरपणात फ्लू जिवावर बेतू शकतो, हे २००९च्या साथीतही पुन्हा दिसलं.

मैत्रिणींनो, शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून हे बाजूला सारू नका. आजही तापाच्या घरात सगळ्यात शेवटी औषध कोण घेतं, हे तुमच्या गटातल्या बायांना विचारा.

आता शाळेकडे वळू. 'आजारी मुलांना घरी ठेवा' ही फ्लू रोखण्यासाठी सांगितलेली सगळ्यात साधी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. ताप उतरवायचं औषध न देताही चोवीस तास ताप आला नाही, म्हणजे मग मुलाला शाळेत पाठवावं. सांगायला इतकं सोपं. पण चार घरची धुणीभांडी करणारी आई मुलाला घरी ठेवते तेव्हा नेमकं काय होतं? एक दिवस ती खाडा करते. दुसऱ्या दिवशी बोलणी खाते. तिसऱ्या दिवशी पगार कापला जातो किंवा कामच जातं. म्हणून तिसऱ्या दिवशी ती सकाळी मुलाला तापाची गोळी देते, डोकं पुसते आणि शाळेत सोडते. दुपारपर्यंत गोळीचा अंमल उतरतो, तोवर मूल वर्गात सगळ्यांमध्ये बसलेलं असतं. मग शिक्षक म्हणतात, पालक बेजबाबदार. सोसायटीतल्या बाई म्हणतात, ह्या लोकांना काही कळत नाही. तिला सगळं कळतं. फक्त पोराच्या तापाचा हिशोब तिला पगाराच्या वहीत मांडावा लागतो.

महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली कायदा झाला. मंडळ आलं, नोंदणी आली. आजारपणाची भरपगारी रजा काही आली नाही. बिडी वळणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाईला तर रजा हा शब्दच लागू नाही. साथ रोखायची असेल तर आजारी माणसाने, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यानेही, पोटाला चिमटा न घेता घरी थांबणं शक्य झालं पाहिजे. भरपगारी रजेची आपली जुनी मागणी म्हणूनच साथ रोखण्याचाही उपाय आहे. यापुढे आरोग्य खात्याला निवेदन देतानाही ती पहिल्या क्रमांकावर लिहिली पाहिजे.

शाळेचे स्वतःचे नियमही उलट्या दिशेने ओढतात. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस हे त्यातलं एक. टाळ्यांच्या गजरात आपण मुलाला काय शिकवतो? ताप असला तरी ये. राज्य सरकारने १९९२ साली गरीब घरच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. मुली शाळेत टिकाव्यात हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण साथीच्या दिवसांत आजारी मुलीची गैरहजेरी भत्त्यातून, गुणांतून किंवा बक्षिसातून वजा होता कामा नये, एवढी सूट कुठल्याही शाळेला देता येईल.

आणि पाणी? हात धुण्यासाठी वीस सेकंद साबण आणि वाहतं पाणी लागतं. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेत पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह सक्तीचं केलं. ऑक्टोबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. आपल्या भागातल्या शाळेत जाऊन बघा. स्वच्छतागृह बांधलेलं आहे का, हा एक प्रश्न. त्याला पाणी आहे का, हा दुसरा. नळाजवळ साबण आहे का, हा तिसरा. टाकीत पाणी कोण भरतं, हा चौथा. चौथ्याचं उत्तर 'मुली' असं आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

शाळा बंद करायच्या की नाहीत, यावर मात्र आपल्यात मतभेद असतील आणि ते मोकळेपणी मांडले पाहिजेत. मुलं एकत्र येत नाहीत तेव्हा विषाणूचा वेग मंदावतो, विशेषतः साथीच्या सुरुवातीलाच शाळा बंद केल्या तर. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किंमत कोण देतं तेही बघू. कोविडच्या काळात मार्च २०२०मध्ये आपल्याकडच्या शाळा बंद झाल्या. अनेक मुलांना दीड वर्षाहून अधिक काळ वर्गाचं तोंड दिसलं नाही. ज्या घरात एकच मोबाइल होता तिथे तो भावाच्या हातात गेला. मुलगी धाकट्यांना सांभाळू लागली, आईबरोबर कामावर जाऊ लागली. दुपारचं गरम जेवण गेलं. कित्येक मुलींची लग्नं उरकली गेली. वस्त्यांतून, पाड्यांवरून काम करणाऱ्या आपल्याच मैत्रिणींनी त्यातली काही थांबवली, काहींची बातमी हळद लागल्यावर कळली. त्या मुली कुठल्याच साथीच्या आकडेवारीत नाहीत.

१९१८ सालीही हा प्रश्न पडला होता. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कने केल्या नाहीत. तिथल्या बाल आरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. सारा जोसेफिन बेकर यांचं म्हणणं असं, की सुमारे दहा लाख मुलं, त्यातली बरीचशी कोंदट चाळींतली, दिवसभर रस्त्यावर आणि जिन्यांत राहण्यापेक्षा शाळेत असलेली बरी. मात्र एका अटीवर. रोज सकाळी प्रत्येक मुलाची तपासणी झाली पाहिजे, आजारी दिसणाऱ्याला लगेच वेगळं करून घरी पाठवलं पाहिजे आणि परिचारिकेने त्याच्या घरी गेलं पाहिजे. शहरात शाळेच्या परिचारिकांची फळी आधीच होती म्हणून हे जमलं. यातला धडा 'शाळा उघड्या ठेवा' एवढाच नाही. माणसं नेमलेली असतील, त्यांना पगार असेल, ती मुलांना नावाने ओळखत असतील, तरच शाळा उघडी ठेवणं सुरक्षित होतं. नुसतं कुलूप काढणं हा धोरणाचा भाग असू शकत नाही, आणि नुसतं कुलूप लावणं हाही नाही. बंद करायचीच वेळ आली, तर किती दिवस हे आधी सांगा, शिधा घरपोच द्या आणि मुलींची यादी करून पुन्हा शाळा भरल्यावर एकेक नाव मोजून घ्या. हे आपण मागितलं पाहिजे.

आपल्याकडे ही माणसं कोण? अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, परिचारिका, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया. जवळजवळ सगळ्या बायकाच. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून आशा आल्या. त्यांना नाव दिलं 'स्वयंसेविका'. त्या एका शब्दात सगळं राजकारण आहे. सेवा म्हटली की पगार मागता येत नाही, रजा मागता येत नाही, मास्क पुरवा असंही जोरात म्हणता येत नाही. कोविडमध्ये त्या दारोदार गेल्या, कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे मार. जून २०२१मध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केला. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. एप्रिल २०२२मध्ये अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. गौरवाची शाल आणि हक्काचा पगार यांतलं अंतर कापायला आपल्याकडे संप आणि न्यायालय दोन्ही लागतात.

इथे सावित्रीबाईंची आठवण येणं साहजिक आहे. १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होतो. पण एक गोष्ट विसरतो. मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेऊन त्यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उभा केला होता. म्हणजे त्यांनी जीव दिला त्याआधी व्यवस्था उभी केली. त्यांचं नाव घेऊन आजच्या आशाताईला 'तुम्हीही त्याग करा' म्हणणं हा त्यांचा वारसा नव्हे. व्यवस्था उभी करा, हा त्यांचा वारसा.

त्याच प्लेगच्या साली दुसरंही एक घडलं. रँडच्या हुकुमाने गोरे शिपाई पुण्याच्या घरांत घुसले. बायांना बाहेर ओढून तपासलं गेलं. लोक आजारी माणसं लपवू लागले. रँडवर झाडलेल्या गोळीचा इतिहास आपल्याला पाठ असतो. प्लेगच्या रुग्णालयात बायांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच १८९७ साली झालेला साथरोग कायदा २०२० सालीही वापरला गेला. जबरदस्तीने साथ आटोक्यात येत नाही, ती आत ढकलली जाते. रुग्णाच्या दारावर पाटी लावली, सोसायटीने कामवालीला, झोपडपट्टीला, परगावच्या मजुरांना किंवा एखाद्या धर्माच्या लोकांना दोष दिला, की पुढचा रुग्ण खोकला दाबून फिरतो. २००९मध्ये नवा विषाणू विमानाने आला होता, झोपडपट्टीतून आला नव्हता. हे वस्तीच्या बैठकीत मुद्दाम सांगायला हवं.

लशीबद्दलही आपण स्पष्ट बोलू. स्त्री-चळवळीला सुईबद्दल संशय आहे आणि त्याला कारण आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी बायांना पूर्ण माहिती न देता होत होती, म्हणून १९८६ साली स्त्री संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २०१०मध्ये आंध्र आणि गुजरातेत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प संमतीच्या प्रश्नांमुळे थांबवावा लागला. हे विसरायचं कारण नाही. पण त्या लढ्यांतली आपली मागणी काय होती? माहिती द्या, संमती घ्या, नंतर काय होतं त्याची नोंद ठेवा, त्रास झाला तर जबाबदारी घ्या. ती मागणी कायम ठेवूनच मी म्हणते, की फ्लूची लस गरोदर बाईला द्यावी. जगभरात अनेक वर्षं ती दिली जाते आहे. टोचल्यामुळे बाईचं रक्षण होतं आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचंही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, त्यामुळे त्याला दुसरं संरक्षण नाही. विषाणू बदलतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. २०१५ साली आपल्या राज्याने गरोदर बायांना ती मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ती मिळते का, कुठल्या महिन्यात येते, साठा कधी संपतो, हे विचारत राहणं हे गटाचं काम आहे. संशय घेणं हा हक्क आहे. संशयावरच थांबणं मात्र परवडणारं नाही, कारण पैसेवाल्यांच्या घरी लस विकत मिळते.

घरातही राजकारण आहेच. आजारी माणसाला शक्य तर वेगळा कोपरा, खिडकी उघडी, तोंडाला मास्क किंवा निदान स्वच्छ रुमाल, खोकताना कोपराचा आडोसा, भरपूर पाणी-पेज. एकाच माणसाने शुश्रूषा करावी आणि ते माणूस गरोदर, म्हातारं किंवा दम्याचं नसावं. मग ते कोण असावं? धडधाकट नवरा, दीर, कॉलेजात जाणारा मुलगा का नसावा? 'त्याला जमत नाही' हे वाक्य आपणच मोडायला हवं. विषाणूवर अँटिबायोटिक गोळ्या चालत नाहीत, तेव्हा दुकानातून त्या आणू नका. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, गुंगी येणं, मुलाने पाणी न पिणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. गरोदर बाईने तर 'बघू उद्या' म्हणूच नये.

आता कामाचं. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही, येईल हे नक्की. म्हणून मे महिन्यातच, शाळा सुरू होण्याआधी, आपल्या गटांनी पाच गोष्टी कराव्यात असं सुचवते.

एक, जवळच्या शाळेची पाहणी. नळ, साबण, खिडक्या उघडतात का, एका वर्गात मुलं किती. हे लिहून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा. कायद्याने या समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. त्यांनी सही करून परत येऊ नये.

दोन, मुख्याध्यापकांकडून एवढं वदवून घ्या, की साथीच्या दिवसांत हजेरीची बक्षिसं बंद आणि आजारी मुलाला आई-बाप येईपर्यंत बसायला हवेशीर जागा असेल. फोन फक्त आईला नव्हे, बापालाही जाईल.

तीन, वस्तीत पाळीचं पाळणाघर. ज्या बाईला खाडा परवडत नाही, तिच्या निरोगी धाकट्यांना दोन दिवस कोण बघेल याची यादी आधीच करा. त्या यादीत पुरुषांची नावं असली पाहिजेत.

चार, घरकामगार मैत्रिणींनी मिळून मालकिणींना एक पत्र द्यावं : तापाचे चार दिवस भरपगारी सुट्टी. मालकिणींपैकी अनेकजणी आपल्याच मोर्च्यात असतात. सुरुवात आपल्या घरापासून करू.

पाच, आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याबरोबर एक बैठक. त्यांना फलक वाटायला सांगण्याआधी त्यांना काय हवं ते विचारा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन देताना त्यांच्या मागण्या आपल्या मागण्यांमध्ये घाला.

यातलं कुठलंही काम मोठं नाही. पथनाट्य बसवता आलं तर उत्तमच, पण ते नसलं तरी चालेल. आपण बलात्काराविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध संघटित झालो तेव्हाही लोक म्हणाले, हे घरातले प्रश्न. घरातले प्रश्न रस्त्यावर आणणं हे तर आपलं जुनं काम. घरातला ताप हा त्यातलाच एक. 'काळजी घ्या' या वाक्याला आता कर्ता जोडायचा आहे. शाळेने घ्यावी, मालकांनी घ्यावी, पुरुषांनी घ्यावी, सरकारने घ्यावी. आपण तर घेतोच आहोत.

तुमच्या शाळेची पाहणी कशी झाली, कुठे अडलं, कोण उलटं बोललं, कोणी मदत केली, सगळं लिहून पाठवा. पोस्टकार्डावर चार ओळी आल्या तरी चालतील. पुढच्या अंकात ती पानं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत.

— संपादक मंडळासाठी, तुमचीच एक मैत्रीण